विनंती थांबा

त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली ती एकदाच. ती ऐकून मला जे वाटलं, ते अजून पुरतं गेलेलं नाही. एरवी त्यांच्यासाठी मी 'अमरावती' होतो.

अकोल्याच्या बसस्टँडवर त्यांनी बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक, म्हणजे सगळ्यांचे कंट्रोलर साहेब, म्हणून काढली होती. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, गाड्यांच्या वेळा लिहायच्या, कंडक्टरच्या कागदावर सही करायची आणि माइकवरून पुकारा करायचा. त्यामुळेच असेल, माणसं त्यांच्या डोक्यात गावाची पाटी लावूनच शिरत. बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणजे 'बार्शीटाकळी'. धारणीकडे जीप चालवणारा गडी तो 'धारणी'. आठवडाभर नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात राहून रविवारी अकोल्याला घरी येणारा, तो 'नांदगाव पेठ'. स्वतःच्या बायकोला ते 'मुक्काम' म्हणत. "मुक्कामले विचारून सांगतो," असं ते फोनवर म्हणाले की नवा माणूस गोंधळून जाई.

असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, एका नावाची चार माणसं स्टँडवर असतात, सातची अमरावती मात्र एकच असते.

निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी आठला स्टँडवर येत. फलाट तीनच्या खांबाजवळचा बाक त्यांचा. खिशात शिट्टी, हातात पाण्याची बाटली, आणि अंगातला शर्ट खिळ्याला अडकवल्यासारखा. उंची भरपूर आणि वजन, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, नोकरीला लागल्यापासून बावन्न किलो. नव्या लाउडस्पीकरचं बोलणं कोणाला नीट कळत नसे. मग लोक बाकाशी येऊन विचारत, आणि हे गाडीचा नंबर, फलाट, ती आज किती उशिरा आहे आणि का आहे, इतकं सगळं सांगत. केबिनमधली नवी मंडळीही अडलं की बाहेर येऊन त्यांनाच विचारायची.

मी अमरावतीचा. नोकरी अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात, म्हणजे रोजचं अपडाऊन. सकाळी सातची गाडी, मूर्तिजापूरला दहा मिनिटं थांबून साडेनऊपर्यंत अकोला. वय अठ्ठेचाळीस, वजन एकशे सहा, आणि पोटात हर्निया. अमरावतीच्या सर्जनने तपासून सांगितलं होतं की आधी पंधरा किलो उतरवा, मग ऑपरेशन. एवढ्या चरबीतून टाके धरायचे नाहीत. दुखणं वाढत होतं. खोकताना पोट हाताने दाबून धरावं लागे. कार्यालयात कोणी विनोद केला की मी आधी पोट धरायचो आणि मग हसायचो.

त्या बाकाशी मी बसू लागलो तेव्हा बार्शीटाकळीच्या बाईंची गोष्ट आधीच सुरू झाली होती. बाईंना त्यांच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला एक रीत सांगितली होती. दिवसातल्या आठ तासांत काय ते खायचं, उरलेले सोळा तास नुसतं पाणी. बाईंनी तीनदा सुरू केलं आणि तीनदा मोडलं. घरात नवरा, सासू, दोन मुलं; सकाळी सगळ्यांसाठी पोहे ह्यांनीच करायचे आणि कढई समोर असताना आपण दूर व्हायचं. एक दिवस बाकावर बसून त्या हे हसत हसत सांगू लागल्या आणि सांगता सांगता त्यांचे डोळे भरले. कंट्रोलर साहेबांनी विचारलं, "किती वाजता सुरू करता जेवन?"

"बाराला."

"मंग मी बी बाराले. जेवाच्या आंधी मले फोन करत जा."

बाई म्हणाल्या, साहेब, तुम्हाला काय कमी करायचं आहे? त्यावर ते म्हणाले की मला गाडीत बसून कुठं जायचं नव्हतं तरी बत्तीस वर्षं मी स्टँडवर उभा होतोच ना.

तिथून ते वाढत गेलं. मी आलो तेव्हा मोबाइलवर नऊ जणांचा ग्रुप झाला होता. बाराला जेवायला बसताना प्रत्येकाने लिहायचं, 'खिडकी उघडली'. रात्री आठला, 'खिडकी बंद'. तिकिटाच्या खिडकीसारखी. आठनंतर कितीही ओळखीचा माणूस आला तरी ती उघडायची नाही. नव्या माणसाला घेण्याआधी ते डॉक्टरची चिठ्ठी मागत आणि त्याला 'पासिंग' म्हणत. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या एका भल्या माणसाला त्यांनी हात जोडून परत पाठवलं. धारणीच्या जीपवाल्याला जंगलात रेंज मिळत नसे, त्याचे दुपारचे मेसेज रात्री एकदम येऊन पडत. त्यावर निर्णय असा झाला की त्याने कागदावर लिहून ठेवलेली वेळ धरावी.

ग्रुपचं नाव 'विनंती थांबा'. रस्त्यावर ती पत्र्याची पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिथे गाडी आपणहून थांबत नाही. कोणी हात दाखवला तर थांबते. त्यांचा नियम तोच होता. ज्याला अगदीच राहवत नसेल त्याने हे दोन शब्द लिहायचे. लिहिले की मिनिटाच्या आत त्यांचा फोन येणार. फोनवर ते उपदेश करत नसत. तुमचा नमस्कार होण्याआधीच तो माइकवरचा आवाज सुरू होई. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अकोल्याहून बार्शीटाकळीमार्गे मंगरूळपीरला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे." मग अकोटची, मग बुलढाण्याची, मग यवतमाळची, सगळ्या वेळांसह. बार्शीटाकळीच्या बाई सांगत की सातव्या-आठव्या गाडीपर्यंत भूक कुठल्या तरी गाडीत बसून निघून गेलेली असते.

एक शब्द मात्र तिथे चालत नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं होतं, 'आज फार उपाशी वाटतंय.' लगेच फोन. "अमरावती, थो शब्द खोडा आंधी. थांबलो म्हना." मी म्हटलं, अहो, एकच तर झालं. ते म्हणाले, "खोडा." मी खोडला.

आमच्या घरी उपासाचं कौतुक फार. शेतीवाडीचं घर, एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, आणि प्रत्येकाला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. उपासाच्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाकघर एरवीपेक्षा जास्त चालतं. त्यामुळे उपास आणि उपाशी ह्या शब्दांत अंतर असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते मला दोन महिन्यांनी त्यांनीच सांगितलं. कार्यालय उघडायला वेळ होता आणि बाकावर आम्ही दोघंच होतो.

त्यांची आई निंदायला जायची. घरात पीठ नसलं की संध्याकाळी मुलांना सांगायची, आज आपला उपास आहे. आजूबाजूच्या घरांत उपास हा मोठा मानाचा प्रकार. तेव्हा मुलं मुकाट झोपायची. शाळेत एकदा गुरुजींनी विचारलं, घरी उपास कोण धरतं? ह्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि सांगितलं की आमच्या घरी आठवड्यातून तीनदा असतो. एका पोराने विचारलं, कोणत्या देवाचा? आता हे बौद्ध घर, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, उपासाचा देव आणायचा कुठून? ह्यांनी जरा विचार करून सांगितलं, जवारीचा.

"सारा वर्ग हासला," ते म्हणाले. "गुरुजी नाई हासले. ते फळ्याकडे तोंड करून उभे रायले. तवा मले समजलं."

मग म्हणाले, "मायनं उपास म्हनलं म्हनून आमी उपाशी नोयतो. आता तं घरात डबे भरून हायत. आपन आपल्या मर्जीनं थांबून रायलो. मंग थो शब्द काहून आनाचा?"

मी मान हलवली. त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात, घडी केलेल्या कागदी रुमालावर, मूर्तिजापूरच्या आलुबोंड्याचं तेल होतं.

आता ते सांगतो.

पहिला महिना मी खरोखर थांबलो. वजन एकशे दोनवर आलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्टँडबाहेरच्या पार्सलवाल्याच्या मोठ्या काट्यावर आम्ही पार्सलसारखे एकेक चढायचो, आणि कंट्रोलर साहेब वहीत गाव आणि किलो लिहायचे. स्वतः ते कधी चढले नाहीत. "मी कर्मचारी हाय, पार्सल नाई." त्या सोमवारी त्यांनी शिट्टी वाजवून माझं कौतुक केलं. स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. आयुष्यात कोणी माझ्यासाठी शिट्टी वाजवली नव्हती.

पुढच्या महिन्यात नांदगाव पेठ एकदम पाच किलो उतरला आणि शिट्टी त्याच्याकडे गेली. मी त्याच दिवशी ग्रुपवर जाहीर केलं की उद्यापासून मी बाराऐवजी दोनला खिडकी उघडणार, म्हणजे अठरा तास. सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. आणि त्याच आठवड्यात, गाडी मूर्तिजापूरला उभी असताना, मी खाली उतरलो. सकाळचे सव्वाआठ. कढईतून आलुबोंडे निघत होते, वर तळलेली मिरची. गाडीच्या मागच्या बाजूला, जिथे अपडाऊनवाल्या ओळखीच्या लोकांना मी दिसणार नाही अशा जागी उभा राहून, मी तीन खाल्ले. ते एकदाचं म्हणून खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी गाडी तिथे पुन्हा थांबली.

मग ते रोजचं झालं. सव्वाआठला खायचं आणि बाराला, सगळ्यांच्या 'उघडली'च्या रांगेत, लिहायचं, 'अजून थांबलो आहे'. एकला पुन्हा, 'थांबलो आहे'. दोनला, 'उघडली'. हे लिहिताना मला वाईट वाटत नसे असं नाही. पण ज्यांना मी फसवतोय त्यांचं ह्यात काही जात नाही, नुकसान झालं तर माझ्याच पोटाचं, असा मी हिशेब धरला होता. खोटं बोलणारा माणूस असा एक हिशेब नेहमी जवळ ठेवतो.

तो मोडला एका गुरुवारी. दुपारी एकच्या सुमारास कार्यालयात अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईंचा आवाज.

"भाऊ, मी कंट्रोलर साहेबाच्या घरून बोलून रायली. एक काम होतं. तुमी जेवन जरा लवकर घेत जा न."

मला कळेना. मी विचारलं, का हो काकू?

"बाकी सगळ्याईचं बाराले उघडते. तुमचं दोनले. तुमचा मेसेज येत नाई तोवर हे ताटावर बसत नाईत. म्हनतात, एक जरी गाडी बाकी असन तं कंट्रोलर केबिन सोडत नाई. रात्री आठपासून नुसतं पानी. मंग दोनले एवढीशी भाकर खातात, म्हनतात आता भूक मेली. परवा बेल्टले खिया ठोकून भोक पाडलं, भाऊ, तिसरं." मग आवाज खाली आणून, "मी फोन केला ते सांगू नका त्याईले."

मी हो म्हटलं. फोन ठेवला तेव्हा माझ्या टेबलावर डबा उघडा होता. मी दोन वाजेपर्यंत कधीच थांबत नव्हतो. डबासुद्धा साडेबाराला खायचो.

त्याच वेळी मी उठून त्यांच्या घरी जायला हवं होतं. कार्यालयापासून घर चालत वीस मिनिटांवर. मी गेलो नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'डॉक्टरांनी सांगितल्यावरून उद्यापासून मीही बाराला उघडणार.' म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही डॉक्टरच्या तोंडी घातलेलं. मग मनाशी ठरवलं की सोमवारी वजनाच्या वेळी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकू.

सोमवारी काट्यावर मी चढलो. एकशे सात. सुरुवात केली होती त्याहून एक जास्त.

 कारखान्याची गाडी पकडण्याआधी वजनाला थांबलेला नांदगाव पेठ खाली बघत होता. बार्शीटाकळीच्या बाई म्हणाल्या, होतं असं कधी कधी, पाणी धरतं अंगात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कंट्रोलर साहेब पुढे झाले.

"काटा खोटा हाय," ते म्हणाले. "अठरा अठरा तास थांबनारा मानूस वाढते कसा?"

पार्सलवाला दुखावला. त्याचा काटा गेल्याच महिन्यात तपासून शिक्का मारून आला होता. कंट्रोलर साहेब म्हणाले, वाद कशाले, पाहून घेऊ. माह्यं वजन मले मालूम हाय, बावन्न, आजन्म बावन्न. असं म्हणून त्यांनी चपला काढल्या, शिट्टी आणि बाटली माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच काट्यावर चढले.

सेहेचाळीस.

"पा," ते खुशीत म्हणाले. "सहा किलो खातेच तुमचा काटा. मी म्हनलं नोयतं?"

सगळे सुटल्यासारखे हसले. पार्सलवाला आतून विसाचं लोखंडी वजन घेऊन आला आणि त्याने ते काट्यावर ठेवलं. वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. काटा तसूभर इकडेतिकडे नव्हता.

ते काट्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, अंगठा आणि मधलं बोट त्याच्याभोवती फिरवून पाहिलं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं की सहा किलो कुठे गेले. मी त्यांची शिट्टी हातात घेऊन उभा होतो.

"मंग आपन दोघंबी बिघडलो, अमरावती," ते म्हणाले. "तुमी वाढून रायले, मी उतरून रायलो. थायरॉइड म्हनतात थे असन. चाला, संगंच रक्त तपासू."

त्यांना मी खोटं बोलत असेन हे सुचलंच नाही. आधी काटा खोटा वाटला, मग स्वतःचं शरीर.

तपासणी माझ्या सर्जनच्याच सांगण्यावरून अमरावतीला करायची ठरली, दुसऱ्या शनिवारी सकाळी आठला. उपाशीपोटी. मी म्हटलं, तुम्ही अकोल्यालाच करून घ्या, एवढ्या लांब कशाला येता. म्हणाले, "सुईले एकटा मानूस भेते. मी येतो पयल्या गाडीनं."

त्या शनिवारी मी पहाटेच उठलो. घरातली सगळी झोपलेली. माझं थायरॉइड चांगलं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि कागदावर तसं आलं की विचारायला एकच प्रश्न उरणार होता. स्वयंपाकघरात डब्यात बुंदीचे लाडू होते. मी दोन खाल्ले. भुकेने खाल्ले नाहीत. मनात असं आलं की साखर वाढलेली निघाली तर बरं होईल. एखादा आजार निघाला तर मी खोटा ठरणार नव्हतो. इतक्या खाली मी गेलो होतो, आणि हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

लॅबमध्ये ते माझ्याआधी येऊन बसले होते. पहाटे पाचच्या गाडीने निघालेले. दोघांच्या चिठ्ठ्या हातात, नीट घडी घालून. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची रुमालाने पुसली. आत बोलावलं तेव्हा दोघंही गेलो. रक्त घेणारी मुलगी चटपटीत होती. माझी बाही वर करत तिने विचारलं, "उपाशी आहात न काका?"

मागून ते म्हणाले, "उपाशी नाई म्हना बाई. थांबले हायत. रात्री आठपासून, बारा तास झाले."

मुलगी हसली. "बरं. थांबले आहात न?"

ते माझी पिशवी आणि पाण्याची बाटली धरून उभे होते. बेल्टचं टोक बक्कलातून वीतभर बाहेर लोंबत होतं.  खिळा ठोकून पाडलेलं तिसरं भोक वेडंवाकडं दिसत होतं.

"मी खाल्लं आहे," मी म्हणालो.

"केव्हा?"

"सहाला. लाडू." आणि मग मला थांबता येईना. मी त्यांच्याकडे वळून सगळं सांगितलं. मूर्तिजापूर, आलुबोंडे, दोनची खिडकी, काकूंचा फोन, काटा. दाराशी रांगेतली चार माणसं ऐकत होती. मुलीने सुई खाली ठेवली होती.

ते शेवटपर्यंत ऐकत होते, गाडी उशिरा का आली हे कंडक्टर सांगतो तेव्हा ऐकावं तसे. मग त्यांनी माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. माझं आडनाव घेतलं, त्याला 'साहेब' लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आपण सांगितलंत, बरं झालं."

शुद्ध पुस्तकी मराठीत. इतक्या दिवसांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. माइकवर परक्या प्रवाशांशी बोलत, तशी ती भाषा.

मुलीने त्यांच्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही.

"राहू द्या, बाई. मले काय झालं थे समजलं," ते म्हणाले. "बिमारी नाई. मी उपाशी होतो."

मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. तिथे त्यांनी मागे न बघता हात आडवा केला, फलाटावर मागे येणारी गाडी थांबवतात तसा. मी जागीच थांबलो. ते रस्ता ओलांडून रिक्षात बसले.

मला वाटलं होतं की दुपारपर्यंत ग्रुपमधून माझं नाव निघेल. निघालं नाही. बाराला सगळ्यांच्या खिडक्या उघडल्या. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. ते मला जास्त जड गेलं. मी काही लिहिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सोमवारपासून मी बस सोडून रेल्वेने जाऊ लागलो, म्हणजे स्टँडवर पाऊल टाकायला नको. बडनेऱ्याहून गाडी पकडायची, अकोल्याला उतरायचं, स्टेशनवरून सरळ कार्यालय. रेल्वे मूर्तिजापूरला जेमतेम दोन मिनिटं थांबते. खिडकीतून मी दुसरीकडे बघायचो.

गंमत अशी की त्या दिवसांत मी खरा थांबू लागलो. सांगायला कोणी नव्हतं, त्यामुळे खोटं सांगायलाही कोणी नव्हतं. पण ते फार कोरडं होतं. बाराला डबा उघडायचा आणि कोणाला काहीही न कळवता खायचा. बार्शीटाकळीच्या बाई तीनदा का हरल्या असतील, ते तेव्हा मला कळलं.

ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं, नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्या शनिवारनंतर तीन आठवड्यांनी आलेल्या एका सोमवारचं.

कार्यालयात एकाच्या बढतीचा दिवस होता. सकाळी साडेदहाला प्रत्येकाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा डबा आला. दोन कचोऱ्या, मिरची, बर्फी. आदल्या रात्री मी नीट जेवलो नव्हतो. वास फाइलींमध्येसुद्धा शिरला होता. शेजारचे साहेब म्हणाले, अहो, आजचा दिवस घ्या, काय होतं. मी डबा खणात ठेवला, खण बंद केला, पुन्हा उघडला. मग मोबाइल काढला आणि ग्रुपवर ते दोन शब्द लिहिले. विनंती थांबा.

लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत ते मी एकदाही लिहिलं नव्हतं. जो थांबलेलाच नाही त्याला विनंती करायची गरज काय? बत्तीस वर्षं वेळा लिहिणाऱ्या माणसाला हे कधी खटकलं असेल का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला फोन वाजला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," तोच आवाज. नाव नाही, गाव नाही. "अकोल्याहून बार्शीटाकळीमार्गे मंगरूळपीरला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर..."

मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकलो. मंगरूळपीरची गेली, अकोटची लागली. आवाज पूर्वीइतका भरलेला नव्हता. दोन वाक्यांमध्ये ते श्वास घेत होते.

"साहेब," मी मध्येच म्हणालो. "तुम्ही जेवलात का?"

पुकारा थांबला. "बारा वाजाचे हायत अजून."

"तुम्ही आत्ता जेवा. तुम्ही जेवल्याशिवाय मी थांबणार नाही."

"हा कोनता नियम?"

"नियम नाही," मी म्हणालो. "विनंती आहे."

 मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग लांबून, फोन बाजूला धरून बोलल्यासारखं, "मुक्काम, ताट वाढ." काकूंनी काहीतरी विचारलं, ते कळलं नाही. भांड्यांचा आवाज झाला. फोन ताटाजवळ कुठेतरी ठेवला असावा, कारण त्यानंतरचं सगळं अगदी जवळून ऐकू येऊ लागलं. पाण्याचा पेला ठेवल्याचा, कांदा बुक्कीने फोडल्याचा. ज्वारीची भाकर मोडताना आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते सावकाश जेवत होते.  आत माझ्या खणात कचोऱ्या निवत होत्या. व्हरांड्याच्या घड्याळात अकरा वाजून गेले. माझ्या पोटात भूक होती, खरी, आणि मी तिच्याबरोबर उभा राहून एका माणसाचं जेवण ऐकत होतो.

शेवटी पेला पुन्हा ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी फोन उचलला.

"हां," ते म्हणाले. "बोला, अमरावती."